जामझिरियातली सावळी

भाद्रपदात मदन महालच्या टेकडीवरचे काळे दगड दिवसातून चार-पाच वेळा भिजतात आणि सुकतात. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले की त्या दगडांचा ओला, लोखंडासारखा वास गल्लीपर्यंत आलेला असतो. आषाढातल्या पावसाचं सगळ्यांना कौतुक. भाद्रपदातल्या पावसाकडे कोणी बघत नाही, कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुर होते तेवढीच. मला मात्र वर्षातला हाच महिना खरा वाटतो. ऊन पडलं तरी ते हिरवट असतं, पानांतून गाळून आल्यासारखं. ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं की कुंडमच्या रस्त्याची आठवण होते आणि चहा करता करता हात थांबतो.

मी एकसष्ट वर्षांची आहे. जबलपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. आई-वडील होते तोवर घरात मराठी होतं. आता दिवसच्या दिवस मराठी बोलायला कोणी मिळत नाही. दूधवाला, शेजारीण, दवाखान्यातली दीदी, सगळ्यांशी हिंदी. भाचरं नागपूरहून फोन करतात, त्यांना मराठी समजतं पण ती हिंदीत उत्तर देतात. कधी कधी संध्याकाळी मी स्वतःशीच एखादं मराठी वाक्य मोठ्यानं बोलून बघते, आवाज कसा येतो ते.

ज्या एका पावसाळ्याबद्दल मला सांगायचं आहे त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आमच्या विभागात सुनंदा होती. अमरावतीची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, नवरा बँकेत, एक मुलगा. नवऱ्याच्या बदलीच्या निमित्तानं जबलपूरला आली आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "तुमच्या इथं चतुर नि टाचण्या कोणी मोजल्याच नाहीत काहून?" चतुर म्हणजे पाण्यावर गस्त घालणारे, मोठ्या पंखांचे ते किडे, इथली मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. टाचणी ही त्यांची बारीक, नाजूक बहीण. मी वर्गात बेडूक नि झुरळ शिकवत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन आईला औषध देत होते. कोणी काहीतरी मोजावं हे माझ्या मनातच कधी आलं नव्हतं.

त्या वर्षी श्रावणापासून आम्ही दर रविवारी जामझिरियाला जाऊ लागलो. स्कूटर माझी. मागे सुनंदा, तिच्या हातात जाळी, तिची काठी झेंड्यासारखी उभी. कुंडमच्या रस्त्यानं तासभर गेलं की डावीकडे एक कच्चा फाटा लागतो, पुढे गोंडांची दहा-बारा घरं, आणि त्यांच्या मागे जंगल एकदम खाली उतरतं. झिरिया म्हणजे जमिनीतून झिरपून येणारं पाणी. त्या अरुंद दरीत असं पाणी बारमाही वाहतं, वर जांभळाची नि अर्जुनाची झाडं एकमेकांत गुंतलेली.

आमच्या भागात वर्षावन नाही. साल, साग, बांबू. उन्हाळ्यात सगळं उघडं पडतं. पण पावसाळ्यात त्या दरीत उतरलं की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. खडकांना शेवाळ, खाली नेचे, वेलींवरून टपकणारं पाणी. बाहेर पाऊस थांबला तरी आत तासभर पडत असतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, "पुस्तकातलं वर्षावन एकदा बघायचं आहे मला." सुनंदा चिखलात गुडघ्यावर बसली होती, वर न बघता म्हणाली, "मग हे काय पाहून राहिली तू? हेच आपलं वर्षावन. उगाच दुसऱ्याचं कशाला."

त्या रविवारांचं मला काय काय आठवतं. ओल्या स्कूटरच्या सीटचा वास. सुनंदाच्या डब्यातला सांबारवडीचा चुरा. सांबार म्हणजे विदर्भातली कोथिंबीर, हे तिच्यामुळेच कळलं. तिथल्या फूलवतीच्या घरचा काळा चहा. फूलवती आमच्याच वयाची, तिचं घर दरीच्या तोंडाशी. दोन शिकलेल्या बाया एवढ्या लांब येऊन किडे बघतात याची तिला गंमत वाटे. "मिल गया तुम्हारा हेलिकॉप्टर?" असं विचारायची. सुनंदा तिला वहीतली चित्रं दाखवायची. दिवसभरात आम्ही फारसं बोलत नव्हतो. कोणाच्या तरी सोबतीनं गप्प राहणं काय असतं ते मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं.

पाचव्या रविवारी सुनंदानं एकाएकी माझं मनगट पकडलं.

"हलू नको. त्या मुळाखाली पाहा."

"काय आहे?"

"काहीतरी पांढरं तरंगून राहिलं."

कातळाखालच्या अंधारात एक पांढुरका ठिपका हवेत फिरत होता. त्याला शरीर नव्हतं. मग तो एका वाळक्या मुळाला टेकला आणि तिथे एक टाचणी दिसू लागली. काडेपेटीच्या काडीहून बारीक, लांबलचक, पार काळी. शेपटीच्या टोकाजवळ एक पांढरं कडं, आणि डोळे निळे. उडताना काळोखात काळं अंग मिसळून जाई आणि नुसतं कडं दिसे. सुनंदाच्या पुस्तकांत ही जात फक्त दूरच्या, खऱ्या वर्षावनांतल्या झऱ्यांवर सांगितली होती. आमच्याकडे ती असायलाच नको होती.

सुनंदानं एकच पकडली. परत येताना स्कूटरवर ती सारखी माझ्या कानाशी बोलत होती आणि वाऱ्यानं अर्धं उडून जात होतं. "हिला आपण सावळी म्हणू," एवढं मात्र मला नीट ऐकू आलं.

कॉलेजात नमुन्यांची एक छोटी खोली होती. तिथे कॉर्क लावलेल्या लाकडी पेटीत सावळी ठेवली. पावसाळ्यात अशा पेटीला दोन गोष्टी लागतात: आत डांबराच्या ताज्या गोळ्या आणि टेबलाच्या चारही पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. सुनंदाला महालक्ष्म्यांसाठी आठ दिवस अमरावतीला जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं खोलीची किल्ली मला दिली, आणि बाहेरगावच्या एका तज्ज्ञांना पाठवायच्या टिपणाचा कच्चा मजकूर वाचायला दिला. वर तिचं एकटीचं नाव होतं. शेवटी आभारांत माझं: प्रवासात साथ दिल्याबद्दल.

ती कागद देऊन गेली आणि मी ते वाक्य परत परत वाचत बसले. प्रवासात साथ. स्कूटर मी चालवली, हे खरंच होतं. सावळी तिनंच आधी पाहिली, तिनंच ओळखली, हेही खरं होतं. तरी आत काहीतरी टोचलं, आणि टोचलं याची लाज वाटली म्हणून ते मी कोणालाच सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस मी ती खोली उघडली नाही. बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आले की विसरले. आईला बरं नव्हतं, तपासायला पेपर होते, सगळं खरं. पण शनिवारी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडताना मला गोळ्यांची नि पाण्याची आठवण झाली होती. पाऊस होता, छत्री उघडलेली होती. परत फिरायला दोन मिनिटं लागली असती. मी फिरले नाही.

सोमवारी सुनंदा आली. पेटीत चार पंख होते आणि टोचलेल्या पिनेला अडकलेला एक काळा तुकडा. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची ओळ अजून चालू होती. वाट्या कोरड्या ठणठणीत.

"गोळ्या नाही टाकल्या?" तिनं विचारलं.

"टाकल्या होत्या," मी म्हटलं. "पाणी रामसजीवननं भरलं नसेल."

रामसजीवन आमचा शिपाई. निवृत्तीला आलेला, हळू चालणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. सुनंदानं त्याला बोलावलं. व्हरांड्यात मुली उभ्या होत्या, दोन शिक्षिका होत्या. सुनंदाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "एक काम था रामसजीवन, एक. पानी भरना. वह भी नहीं हुआ आपसे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबल पुसत होते. मग तो खाली बघून म्हणाला, "जी मैडम."

टिपण नमुन्याशिवाय गेलं, सोबत उरलेले पंख तेवढे. तज्ज्ञांनी सभ्यपणे कळवलं की पंखांवरून काही ठरवता येत नाही, ही जात मध्य भारतात असणं संभवत नाही, आणि सावलीत डोळे फसतात. आम्ही पुढचे तीन पावसाळे जामझिरियाला गेलो. सावळी परत दिसली नाही. मग सुनंदाच्या नवऱ्याची बदली झाली, पुढे ती पुण्याला मुलाकडे स्थायिक झाली. फोन आधी आठवड्याला, मग सणावारी, मग दिवाळीला. भांडण कधीच झालं नाही. तिच्याशी बोलताना मला एका विषयाभोवती वळसा घालून जावं लागे, आणि वळसे घालून घालून बोलणं कमी झालं.

या वर्षी राखीच्या सुमारास तिचाच फोन आला. तिच्या डोळ्यांचं दुखणं वाढलंय. समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. वाचणं गेलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तुला एक विचारू का गं? आपण खरंच पाहिली होती ती?"

"काहून असं विचारते?"

"सगळे तर नाही म्हणत होते. मला आता वाटून राहिलं, तेव्हापासूनच माझ्या डोळ्यांत काही असेल. उगाच धरून बसली मी."

"मी पण पाहिली होती, सुनंदा."

"तू माझ्यासाठी म्हणते," ती म्हणाली, आणि सुनेनं बोलावलं म्हणून फोन ठेवला.

ती रात्रच नव्हे, पुढचे सबंध पंधरा दिवस मला ते वाक्य पुरलं. एखाद्या बाईनं आयुष्यात एकदा काहीतरी लखलखीत पाहिलं आणि आता तिला वाटतंय की ते पाहिलंच नव्हतं. आणि हे तिच्या बाबतीत मी घडवलं.

म्हणून भाद्रपद लागल्यावर मी जामझिरियाला निघाले. स्कूटर केव्हाच विकली. कुंडमची बस फाट्यावर सोडते, तिथून मैलभर चालायचं. डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, म्हणून छत्रीच काठीसारखी टेकत गेले. फूलवतीचं घर आता पक्कं झालंय, ती मात्र दारात तशीच बसली होती, केस पांढरे. तिनं मला ओळखलं, आणि माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघत विचारलं, "दूसरी वाली मैडम नहीं आईं?"

"नहीं. पूना में हैं. आँखें खराब हो गईं."

"तो तुम अकेली आई हो."

"हाँ."

तिनं आत जाऊन चहा ठेवला.

ओळखीचं जंगल एवढं परकं होऊ शकतं हे मला पहिल्यांदा कळलं. कातळाजवळचं मोठं जांभूळ पडलं होतं. त्या जागी आभाळ उघडं, पाण्यावर चकचकीत ऊन, आणि सावळी जिथे दिसली होती तिथे घाणेरीचं रान. पहिल्या रविवारी मी चार तास बसले. बारीक पिवळ्या टाचण्या दिसल्या, तांबडे चतुर दिसले, खंड्याचा आवाज आला. कागदावर नोंदी करताना लक्षात आलं की मी मनातल्या मनात सुनंदाला सांगतेय: अगं, हा बघ. दुसऱ्या रविवारी पाऊस एवढा की झऱ्यापाशी उतरताच आलं नाही. बसची वाट बघत फाट्यावर दीड तास उभी होते. छत्रीखाली माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता, आणि उशीर होतोय म्हणून मला घरी कोणाला कळवायचं नव्हतं.

तिसऱ्या वेळी फूलवती विळा घेऊन उठली. "नीचे कुछ नहीं है अब. ऊपर चलो. जहाँ पानी चट्टान के अंदर घुसता है, वहाँ अभी भी अँधेरा है." ती पुढे वेली छाटत चालली, मी मागे, मुळं धरधरून. वर, जिथे आम्ही दोघी कधी गेलोच नव्हतो, तिथे कातळाची एक कपार होती, तोंडावर नेच्यांचा पडदा, आत गार ओली हवा. फूलवती बाहेर दगडावर टेकली. मी आत वाकून बसले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागला.

मग तो ठिपका दिसला. एक, आणि त्याच्या मागे आणखी एक. पांढरी कडी तेवढी हलत होती, जणू कोणी अंधारात बारीक टाके घालतंय. त्यांतली एक माझ्यापासून हातभर अंतरावर मुळाला लटकली आणि सबंध दिसली, निळ्या डोळ्यांसकट.

मला आनंद झाला का? आनंद म्हणता येईल असं काही सापडेना. तो वाटून घ्यायला तिथे कोणी नव्हतं. मोबाइलवर फोटो काढले, तीन धूसर, दोन अगदी स्वच्छ. बाहेर आल्यावर फूलवतीला दाखवले. तिनं फोन जवळ नेऊन पाहिलं. "इत्ते से के लिए तीन बार आईं," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून विळा खाली ठेवला आणि मला हाताला धरून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला फोन केला. फोटो तिला दिसणार नव्हता, म्हणून सगळं शब्दांत सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती. कडं शेपटीच्या कुठल्या भागावर? पंख मिटलेले की अर्धे उघडे? मी सांगत गेले. तिचा आवाज एकेक प्रश्नानं तरुण होत होता. "परत सांग, डोळे कसे होते?" म्हणाली. मी परत सांगितलं.

"पकडली नाही ना?"

"नाही. फोटोच."

"बरं केलं. पेटीचा काय भरवसा," ती म्हणाली आणि हसली.

ते हसणं ऐकलं आणि मला पुढे वळसा घालता येईना. मी सांगितलं. आभारांतल्या वाक्यापासून सगळं. गोळ्या टाकल्याच नव्हत्या, खोली उघडलीच नव्हती, शनिवारी आठवलं होतं. मध्ये थांबले नाही.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी रामसजीवनला सगळ्यांसमोर बोलले होते गं."

माझ्याबद्दल एक शब्द नाही. फोन ठेवला. नंतरचे चार दिवस मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

पाचव्या दिवशी मी रामसजीवनची चौकशी करत महाराजपूरला गेले. कॉलेजातल्या जुन्या क्लार्कनं पत्ता सांगितला. नव्या कॉलनीच्या मागे दोन खोल्यांचं घर, अंगणात तुळस नि गिलक्याचा वेल. रामसजीवन खाटेवर बसून होता, ऐंशीच्या घरात, अंगावर स्वच्छ बनियन. सुनेनं मला खुर्ची दिली. त्यानं मला लगेच ओळखलं, उठायला लागला, मी हातानं बसवलं. सावळीची गोष्ट काढली. वाटलं होतं, त्याला आठवणार नाही. थोडी तशी आशाही होती.

"याद है मैडम," तो म्हणाला. "बर्र की तरह कोई कीड़ा था. हम दो दिन आए थे आपके पास. पूछा था कि कमरा खोल दीजिए, पानी भर दें. आप बोलीं, कल."

तो सांगत होता आणि मला दिसू लागलं. स्टाफरूमचं दार, त्याच्या हातातला पाण्याचा जग, मी पेपरांवरून मान न उचलता म्हटलेलं "कल". बावीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. शनिवार आठवत होता. तो मी स्वतःसाठी जपून ठेवला होता, आणि हे टाकून दिलं होतं.

"आपने उस दिन बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "हमने सोचा, आप बताएँगी."

रागाचा लवलेश नव्हता त्यात. जे वाटलं होतं ते सांगितलं. मी माफी मागितली. हिंदीत मागितली, आणि हिंदीत ती मला फार लहान वाटली. मराठीतही वाटली असती. तो म्हणाला, "अरे मैडम, चलो, हो गया," आणि सुनेला चहा आणायला सांगितलं. मी चहा घेतला. गिलकी न्या म्हणाला, मी चार नेली.

त्या संध्याकाळी सुनंदाला मोबाइलवर निरोप बोलून पाठवला, रामसजीवननं सांगितलेलं सगळं, एकही शब्द न गाळता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, त्याचा नंबर दे. मी दिला. तज्ज्ञांना फोटो पाठव म्हणाली, तेही मी केलं. जामझिरियाची नोंद आता मान्य होईल असं त्यांनी कळवलंय. टिपणावर नाव कोणाचं घालायचं हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "दिसली तुला. तुझं घाल." मी तिचं घातलं आहे, एकटीचं.

रामसजीवनची सून बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, पूनावाल्या मैडमचा फोन आला होता, दोघं अर्धा तास बोलले, बाबूजी मध्ये हसलेही. काय बोलले ते तिला माहीत नव्हतं. सुनंदा आता आठवड्याला फोन करते, जंगलाबद्दल विचारते, पाऊस किती, पाणी किती. त्या अर्ध्या तासाबद्दल ती बोलत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही एवढं मला समजतं.